कचेरीतला टोमणा आणि मराठी लेखनातले त्याचे जबाब

पोंभुर्ण्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी कारकून म्हणून मी रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्याची दुरुस्ती झाली. मी शिपायाला ‘पानी’ मागितले. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “पाणी म्हणा, पाणी! आता कचेरीत आलात तुम्ही.” सगळे हसले. मीही हसलो.

आमचा भाग वैनगंगेला मिळणाऱ्या अंधारी नदीच्या पट्ट्यातला, धानाचा आणि बांबूचा. बोली झाडी. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो. पाणी ते ‘पानी’, डोळा तो ‘डोरा’. हा बोलीचा नियम आहे, जिभेचा दोष नव्हे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडून ठेवले आहे. मला ते वाचायला मिळाले फार उशिरा. तोवर मी ‘ण’ घोटून घेतला होता आणि घरी आईशी बोलतानाही तो तोंडात यायला लागला होता.

दुसरा प्रश्न नावाचा होता. “पूर्ण नाव?” असे विचारले गेले. माझे आडनाव आमच्या भागात बौद्धांतही आहे आणि गोंडांतही. मेश्राम हे असेच एक आडनाव; गोंड समाजातले कवी भुजंग मेश्राम यांच्यामुळे ते मराठी वाचकांना परिचित आहे. अशा आडनावांवरून विचारणाऱ्याला नक्की अंदाज येत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, “म्हणजे नेमके कोणते?” यात शिवी नाही, दमदाटी नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा स्वरही बहुधा प्रेमळच असतो. उत्तर दिल्यावर मात्र टेबलावरची हवा किंचित बदलते. ती कशी बदलली, हे कुणाला सिद्ध करून दाखवता येत नाही.

मी विद्यापीठातला माणूस नाही. बी.ए. बाहेरून केले, वाचन सार्वजनिक ग्रंथालयाच्या भरवशावर झाले. सव्वीस वर्षे आवक-जावक, टिपण्या आणि सेवापुस्तके सांभाळली आणि पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या काळात मला एक प्रश्न पडत राहिला. कामाच्या जागी येणाऱ्या या बारीक टोचणीला माणसाने काय जबाब द्यावा? आणि मराठी लेखकांनी तो काय दिला आहे? या लेखात मी त्या जबाबांचीच तपासणी करतो आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आपल्या लेखनाने टोमणा मारणारा नोंदवला, सोसणाराही नोंदवला. आपल्या समीक्षेने मात्र टेबलाभोवती बसून हसणाऱ्यांकडे पाहिलेच नाही; आणि जबाबाची किल्ली पुष्कळदा त्यांच्याच हाती असते.

शब्द आहेत, पण नेमका नाही

अमेरिकेत या गोष्टीला नाव मिळाले १९७० साली. चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने गोऱ्यांच्या रोजच्या बारीकसारीक हेटाळणीसाठी ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हा शब्द योजला. २००७ मध्ये डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे तीन प्रकार केले. एक, जाणूनबुजून केलेला प्रहार. दोन, बोलणाऱ्याच्याही लक्षात न येणारा अपमान. तीन, समोरच्याचा अनुभवच खोटा ठरवणे. हा तिसरा प्रकार आपल्याकडे एका वाक्यात मावतो : “तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा.”

मराठीत हल्ली कुणी ‘सूक्ष्म आक्रमण’ असा प्रतिशब्द वापरतात. तो मला ओढूनताणून केलेला वाटतो. आपल्याकडे टोमणा आहे, खोच आहे, हिणवणे, डिवचणे, घालूनपाडून बोलणे, पाणउतारा असे किती तरी शब्द आहेत. पण हे शब्द नीट पाहिले तर बहुतेकांत बोलणाऱ्याचा हेतू गृहीत आहे. टोमणा मारणाऱ्याला ठाऊक असते की आपण टोमणा मारला. ज्या बोलण्यात बोलणारा स्वतःला निर्मळ समजतो, कधी कधी आपण कौतुकच करतो आहोत असे मानतो, आणि तरीही समोरच्याला त्याची जागा दाखवून जातो, त्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. शब्द नसल्यामुळे तक्रार करता येत नाही. पण शब्द नसतानाही मराठी लेखकांनी ही गोष्ट पकडली होती. ती कुठे, ते पाहू.

बडोद्यातली फाइल

या विषयावर लिहिताना बडोद्यापासूनच सुरुवात करावी लागते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तिथले शिपाई त्यांच्या टेबलावर फाइली लांबून टाकत, ते जाताना जाजम गुंडाळून घेत, कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, हे धनंजय कीरांच्या चरित्रामुळे सर्वांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

यातली एक गोष्ट अमेरिकी सिद्धांतात सहज बसत नाही. तिथल्या चर्चेत बहुधा वरचा खालच्याला टोचतो. बडोद्यात फाइल टाकणारा शिपाई हुद्द्याने पुष्कळ खाली होता. पगार, पदवी, पद यांपैकी कशाचेही कवच चालले नाही. आपल्याकडे कचेरीत दोन उतरंडी एकाच वेळी चालू असतात. एक सेवापुस्तकात लिहिलेली, दुसरी कुठेच न लिहिलेली.

आणखी एक गोष्ट मला वाचनात जाणवली. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोटेखानी आठवणींत बडोद्याचा प्रसंग आहे, पण तिथे सगळा भर निवाऱ्यावर आहे. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहणे, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव, बागेत बसून काढलेला वेळ. कचेरीतल्या वागणुकीचे तपशील आपल्याला कळतात ते मुख्यतः चरित्रकारांकडून. असे का व्हावे? माझा तर्क असा : अस्पृश्यता म्हणजे काय याची कल्पना परदेशी वाचकाला यावी हा त्या लेखनाचा हेतू होता. काठी घेतलेला जमाव कोणालाही कळतो. लांबून टाकलेली फाइल मात्र बाहेरच्याला घाईत असलेल्या शिपायाची सवय वाटू शकते. तिचा अर्थ लागायला त्या समाजाचा माणूसच वाचक म्हणून लागतो. बारीक अपमानाचे बळ याच्यातच आहे. तो ज्याला लागायचा त्याला लागतो आणि साक्षीदाराला दिसत नाही.

काशीनाथ

बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेचा निवेदक रेल्वेत नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. तिथे त्याला जात विचारली जाते आणि तो ती लपवतो. लपवल्यामुळे त्याला मान मिळतो, रामचरण तिवारीसारख्या सहकाऱ्याच्या घरात जागा मिळते. त्याच ठिकाणी काशीनाथ सपकाळ आहे. तो काहीही लपवत नाही. डिवचणाऱ्याला तो सरळ अंगावर घेतो.

या कथेची चर्चा बहुधा जात लपवण्याच्या शोकांतिकेपाशी थांबते. मला ती दोन जबाबांची कथा वाटते. निवेदकाचा जबाब लपण्याचा आहे. त्यात सुख आहे, पण प्रत्येक घोटाबरोबर भीती आहे. काशीनाथचा जबाब झुंजीचा आहे. त्यात मान ताठ आहे, पण चोवीस तास लढाईच्या पवित्र्यात जगणे ही त्याची किंमत आहे. बागूल कोणालाच पूर्ण बरोबर ठरवत नाहीत. मात्र शेवटी, जात उघडी पडून निवेदकाला मारहाण होते तेव्हा, त्याला सोडवायला काशीनाथ येतो. ज्यांनी काल घरात बसवले ते येत नाहीत, ज्याच्यापासून निवेदक अंतर राखून होता तोच येतो.

हा शेवट मी पंधरा-वीस वेळा वाचला असेन. तो मला का टोचतो, ते पुढे सांगतो.

कौतुकाचा काटा

वर म्हटले की कौतुकाच्या रूपात येणाऱ्या अपमानाला मराठीत शब्द नाही. पण त्याची पहिली नीट चिकित्सा, माझ्या माहितीप्रमाणे, आमच्याच विदर्भातल्या एका लेखिकेने केली. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले. त्यातला संस्कृतच्या शिक्षणावरचा लेख हा या विषयावरचा मराठीतला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे असे मी मानतो.

नागपूरची एक महार मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, पुढे महाविद्यालयात संस्कृत शिकवते. सभा-समारंभांत तिची ओळख करून देताना लोक याच गोष्टीचा भरभरून उल्लेख करतात. पावडे विचारतात ते इतकेच, की याचे एवढे आश्चर्य का वाटावे? ब्राह्मण घरातल्या मुलीने संस्कृत शिकवले तर त्याची बातमी होत नाही. म्हणजे कौतुकाच्या पोटात ‘हे तुमचे काम नव्हे’ हे वाक्य लपलेले आहे. बोलणाऱ्याला ते माहीतही नाही. ऐकणारीला ते दर वेळी ऐकू येते.

यापुढे त्या जे करतात ते मला फार मोलाचे वाटते. त्या हिशेब मांडतात. कुमुद सोमकुवर या नावाने पदवी घेऊनही नोकरी हुलकावणी देत राहिली. आंतरजातीय विवाह झाला, आडनाव पावडे झाले, आणि शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. मग या नोकरीचे श्रेय कोणाचे? संस्कृतचे, कुमुदचे, की आडनावाचे? प्रश्न आरडाओरड न करता विचारला आहे आणि वाचकाला पळायला जागा ठेवलेली नाही. मी कारकून असल्यामुळे असेल, पण मला ही पद्धत लगेच समजली. ज्याचा पुरावा मिळत नाही त्याची रोजखर्डी लिहायची. एक नोंद काहीच सांगत नाही. शंभर नोंदी एकाखाली एक आल्या की बेरीज बोलू लागते.

तरीही या जबाबाची मर्यादा सांगायला हवी. जे नाकारले गेले त्यातच पारंगत होऊन दाखवणे हा पावडे यांचा मार्ग होता. तो असामान्य माणसाचा मार्ग आहे. माझ्यासारख्या बेताच्या माणसाने काय करावे? ज्याला संस्कृत येत नाही, ज्याचा ‘ण’ कधीच सरळ होणार नाही, त्यालाही न दुखावता काम करण्याचा हक्क आहेच की. अपमानाला गुणवत्तेने उत्तर द्या, हा सल्ला आपण फार सहज देतो. त्यातून नकळत असे निघते की गुणवत्ता नसेल तर अपमान रास्त आहे.

समीक्षेचे आणि कायद्याचे दुर्लक्ष

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘वेदना’, ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ या तीन शब्दांचा दबदबा राहिला. ते शब्द त्या काळाची गरज होते. पण या मोठ्या शब्दांच्या जाळीतून कचेरीतले बारीक प्रसंग गळून पडले. दया पवारांच्या ‘बलुतं’विषयी (१९७८) लिहिताना गावकुस आणि कावाखाना यांवर पानेच्या पाने खर्च झाली. पण दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, ही त्या पुस्तकाची मांडणी आपण बरेचदा नुसती निवेदनाची युक्ती म्हणून वाचली. ज्याला दहा ते पाच एक माणूस आणि घरी दुसरा माणूस व्हावे लागते, त्याला ती युक्ती वाटत नाही. घरी ‘पानी’ आणि कचेरीत ‘पाणी’ म्हणणारा मी एकच माणूस होतो का, हा प्रश्न मला ‘बलुतं’ने पहिल्यांदा विचारायला लावला.

कायद्याचेही असेच झाले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जातीवरून हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरवला, पण तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला पाहिजे ही अट आहे. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेल्या बोलण्याला ही कसोटी लावली आणि ते कलम लागू होत नाही असे म्हटले. कायद्याची बाजू मी समजू शकतो. फौजदारी गुन्ह्याला पुरावा लागतोच. पण साहेबांच्या दालनातले वाक्य यामुळे कायद्याच्या बाहेर राहते. स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने निदान एक दार उघडले : दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती हवी. ती कागदावरच राहते अशी ओरड असते, पण कागद तरी आहे. जातीवरच्या, जमातीवरच्या, बोलीवरच्या टोचणीसाठी सगळ्या कचेऱ्यांना बांधणारे असे दार नाही.

आणि या गोष्टी क्षुल्लक असतात असे म्हणण्याचे दिवसही गेले. २०१९ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. वरिष्ठांकडून जातीवरून सतत हिणवले जात होते असा तिच्या कुटुंबीयांचा आरोप आहे. आरोपांचा निवाडा न्यायालय करील, तो माझा अधिकार नाही. पण ज्या बोलण्याला एरवी ‘थट्टा’ म्हणून सोडून दिले जाते, त्याची तपासणी पोलिसांना आणि न्यायालयाला करावी लागली, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

जे हसले त्यांच्याविषयी

आता माझी गोष्ट. नोकरीच्या मध्यावर आमच्या कचेरीत गडचिरोलीकडची एक गोंड मुलगी लिपिक म्हणून आली. कामाला चोख, अक्षर सुंदर. ती रजा घेऊन गावी गेली की परतल्यावर एक सहकारी हमखास विचारी, “काय मॅडम, मोहाची बाटली आणली की नाही?” सगळे हसत. एकदा त्याने तिच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडून वास घेतल्यासारखे केले. त्या दिवशी हशा जोरात झाला. मी तिच्या शेजारच्या टेबलावर होतो. मीही हसलो.

मी का हसलो, याचे उत्तर मला बागुलांच्या निवेदकात सापडते. कितीतरी वर्षांनी मी त्या टेबलावरच्या लोकांत बसलो होतो. माझा ‘ण’ सरळ झाला होता. थट्टेचे तोंड दुसरीकडे वळले आहे, याचा तो आनंद होता. यापेक्षा चांगले कारण मला देता येत नाही.

काही महिन्यांत तिने बदली मागून घेतली. अर्जात कारण ‘कौटुंबिक’ लिहिले. तो अर्ज आवक नोंदवहीत मीच नोंदवला. बऱ्याच वर्षांनी मूलच्या बसस्थानकावर ती भेटली. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. मी भीत भीत तो विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, तो मानूस तसाच होता. पन तुमी बी हासले होते.”

मी गप्प बसलो. तिची बस आली, ती गेली.

त्यानंतर मी ही पुस्तके पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा माझे लक्ष वेगळ्याच माणसांकडे जाऊ लागले. बडोद्यात शिपाई फाइल टाकत होता तेव्हा बाकीचे कारकून काय करत होते? सिडनहॅममध्ये हरकत घेणाऱ्यांखेरीज आणखी किती प्राध्यापक त्या खोलीत होते? पावडे यांची ओळख करून दिली जात असताना टाळ्या कोण वाजवत होते? चरित्रांत आणि आत्मकथनांत ही माणसे बहुधा नावाशिवाय उभी आहेत. त्यांनी काहीच केले नाही म्हणून त्यांच्याविषयी लिहायला काही नाही, असे आपण धरून चाललो. पण टोमणा हा दोघांत घडत नाही. ऐकायला कोणी नसेल तर पुष्कळ टोमणे मारलेच जाणार नाहीत. हशा हीच टोमणा मारणाऱ्याची कमाई असते.

हे ध्यानात घेतले तर काशीनाथचे वजन वाढते. दलित कथेतला झुंजार नायक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण कथेच्या शेवटी तो स्वतःचा अपमान फेडत नसतो. तो दुसऱ्यासाठी येतो, तेही जो त्याच्याशी प्रामाणिक राहिला नव्हता त्याच्यासाठी. बागुलांनी १९६३ मध्ये तिसऱ्या माणसाचा जबाब लिहून ठेवला होता. आपण तो पहिल्या माणसाचा राग म्हणून वाचला. चाकू-सुऱ्यापर्यंत जायची गरज रोज पडत नाही. त्या दिवशी मी नुसते “यात हसण्यासारखे काय आहे, समजावून सांगा बरे” एवढे म्हणालो असतो तरी पुरे होते. थट्टा समजावून सांगायला लावली की तिच्यातला उरलासुरला विनोदही संपतो, हे मला आता कळते. शिवाय हे वाक्य तिने बोलण्यापेक्षा मी बोलणे सोपे होते. तिला ‘मनाला लावून घेणारी’ म्हटले असते. मला म्हणायला जागा नव्हती.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच, भद्रावतीला, १९७९ साली पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून जंगल, जमीन, विस्थापन आणि संस्कृती यांवर आदिवासी लेखकांनी भरपूर लिहिले. पहिल्या पिढीचा नोकरदार आदिवासी माणूस कचेरीत काय ऐकतो, यावर मात्र माझ्या वाचनात थोडेच आले. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी पोंभुर्णा, गोंडपिपरी, मूल आणि पलीकडे चामोर्शीपर्यंत जाऊन नोकरी करणाऱ्या, निवृत्त झालेल्या लोकांशी बोलतो आहे. नावे लिहून घेत नाही. वहीत तीन रकाने आखले आहेत : काय बोलले गेले, तिथे आणखी कोण होते, त्यांनी काय केले.

पहिल्या रकान्याचे उत्तर लोक लगेच देतात, तेही वीस-वीस वर्षांपूर्वीचे, शब्दन् शब्द. दुसऱ्या रकान्यापाशी थांबतात. हे आजवर कुणी विचारलेच नव्हते, असे बहुतेक जण म्हणतात. मग एकेक नाव आठवू लागते. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘हसले’ किंवा ‘गप्प बसले’ असे आहे. एका ठिकाणी ‘उठून उभे राहिले’ असे आहे. ज्यांनी ते सांगितले त्या बाईंना टोमणा काय होता हे आता नीट आठवत नाही, पण उठलेल्या माणसाच्या सदऱ्याचा रंग आठवतो.

वहीतली पहिली नोंद माझ्याच कचेरीची आहे. तिच्या तिसऱ्या रकान्यात मी माझे नाव लिहिले आहे आणि पुढे ‘हसला’.